टेक्निकल बरोबर होतं, पण ताकीद कुठे होती?

एका तरुण पंचाचं पत्र आलंय. लांबलचक होतं, थोडं आटोपशीर करून देतो.

«पंच परीक्षा पास होऊन मला फार दिवस झालेले नाहीत. जिल्ह्यातल्या शालेय आणि क्लबच्या बास्केटबॉल मॅचेस करतो. गेल्या महिन्यात सतरा वर्षांखालच्या मुलांची फायनल होती. शेवटच्या क्वार्टरला एक मिनिट दहा सेकंद उरले असताना पुढे असलेल्या शाळेने बास्केट केली, ५४–५०. बॉल जाळीतून खाली आला तसा त्यांच्या सात नंबरने थाप मारून तो शेजारच्या कबड्डीच्या मैदानावर उडवला. हे प्रकार त्या संघाचे दुसऱ्या क्वार्टरपासून चालू होते. मध्ये त्यांचा एक मुलगा पायात गोळा आला म्हणून खाली बसला, सर स्प्रे घेऊन आत आले, बराच वेळ चोळाचोळी झाली आणि मुलगा उठून परत खेळायला लागला. बुटाच्या नाड्या बांधणं तर सतत चालू. मी सगळं चालवून घेतलं होतं, पण या वेळी डोकं फिरलं आणि सात नंबरला टेक्निकल, म्हणजे गैरवर्तनाचं फाऊल, दिलं. समोरच्यांनी फ्री थ्रो घातला, ५४–५१. लगेचच्या बॉलवर तीन पॉइंटचा शॉट, ५४–५४. आधी पुढे असलेली शाळा एक्स्ट्रा टाइममध्ये हरली. त्यांचे सर सगळ्यांदेखत म्हणाले, ‘घड्याळ तर थांबलेलं होतं, मग वेळकाढूपणा कसला? पंचाने मॅच घालवली.’ माझ्यासोबतचे सीनियर पंचही नंतर म्हणाले, ‘शेवटच्या मिनिटात टेक्निकल द्यायचं नसतं रे.’ शिवाय आमच्याकडे शॉट क्लॉकचं (ठरलेल्या सेकंदांत शॉट मारायला लावणाऱ्या घड्याळाचं) मशीन नव्हतं, त्यामुळे बॉल घेऊन नुसतं फिरणं दोन्हीकडून चाललं होतं. त्याचं काय करायचं तेही कळेना. पुढच्या महिन्यात त्याच शाळेची मॅच मला लागली आहे. घेऊ, की नको म्हणून कळवू?»

तुमचा निर्णय नियमात बसतो, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं शांतपणे वाचाल. बास्केट झाल्यावर मुद्दाम बॉलला हात लावून खेळ लांबवणं, थ्रो-इन (रेषेबाहेरून बॉल आत टाकणं) किंवा फ्री थ्रो वेळेवर होऊ न देणं, हे फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेच्या) नियमांत टेक्निकल फाऊलच्या यादीत स्वच्छ लिहिलेलं आहे. सात नंबरने नेमकं तेच केलं.

अडचण वेगळी आहे. जे दुसऱ्या क्वार्टरपासून चाललं होतं ते तुम्ही चौथ्या क्वार्टरच्या शेवटी पकडलंत. त्या मुलाच्या जागी उभं राहून बघा. अर्धी मॅच तो आणि त्याचे सोबती बॉल उडवत होते, दोन पंच बघत होते, कुणी ब्र काढला नाही. नियम त्याच्या बाजूने नव्हता, पण तुमचा अर्ध्या मॅचचा वागणुकीचा दाखला त्याच्या बाजूने होता. मग अचानक शिटी वाजते, हातांचा टी होतो, आणि मैदानावर प्रत्येकाला वाटतं की पंचाने हे आत्ताच काढलं. सरांचा संताप तिथून आला. आवाज त्यांचा चढा असेल, पण त्या संतापाला जागा तुम्ही दिलीत.

आता त्यांचा घड्याळाचा मुद्दा. तो ऐकायला बिनतोड वाटतो आणि तुम्हीही पत्रात त्यावर गप्प बसला आहात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

फिबाच्या नियमाप्रमाणे शेवटच्या क्वार्टरची शेवटची दोन मिनिटं आणि एक्स्ट्रा टाइमची शेवटची दोन मिनिटं, एवढ्यातच बास्केट झाल्यावर घड्याळ थांबतं. बाकी सगळ्या वेळात बॉल जाळीतून पडला तरी घड्याळ पळतच असतं. म्हणजे सात नंबरने दुसऱ्या क्वार्टरमध्ये उडवलेल्या बॉलने समोरच्या संघाचे सरळसरळ सेकंद खाल्ले. शेवटच्या मिनिटात उडवलेल्या बॉलने एकही सेकंद खाल्ला नाही, इथपर्यंत सर बरोबर आहेत. पण मग मुलाने तो उडवला कशाला? हौस म्हणून?

बास्केट झाल्यावर पहिल्या दोन-तीन सेकंदांत काय होतं ते जवळून बघा. ज्याने शॉट मारला तो अजून रिंगखाली आहे, रिबाउंडला उडी मारलेले दोघे खाली उतरतायत, एकाचं तोंड अजून बोर्डाकडे आहे. समोरच्या संघाचा गार्ड मात्र बॉल जाळीत शिरतानाच वळून पुढे पळायला लागलेला असतो. थ्रो-इन करणाऱ्याने बॉल झेलला, एक पाय एंडलाइनबाहेर टाकला आणि लांब फेकला, की पलीकडे दोनास एक अशी गाठ पडते. चार पॉइंटने मागे असलेल्या संघाची सगळी आशा त्या दोन सेकंदांवर असते. सात नंबरच्या थापेने ते दोन सेकंद गेले. बॉल कबड्डीच्या मैदानावरून परत येईपर्यंत त्याच्या संघाचे पाचही जण आपापल्या जागी हात पसरून उभे. चोरी घड्याळातून झाली नाही, समोरच्याच्या संधीतून झाली. आणि नियमात घड्याळाचा उल्लेखच नाही. थ्रो-इन वेळेवर होऊ दिला नाही, एवढंच पुरतं. सरांना पुन्हा भेटलात तर हे दोन वाक्यांत सांगा, वाद घालत बसू नका.

प्रत्येक स्पर्श मात्र गुन्हा नसतो. जाळीतून सुटलेला बॉल एखाद्याच्या खांद्यावर पडतो, तो दचकून झेलतो आणि तिथेच सोडून पळतो. हे चालायचंच. एखादा सरळमार्गी मुलगा बॉल उचलून समोरच्याच्या हातात देतो. त्याला दरडावलंत तर चोर सोडून संन्याशाला फाशी होईल. मी एकच बघायचो. थ्रो-इन करणाऱ्याला बॉल जिथे मिळाला असता तिथून तो या स्पर्शाने लांब गेला का, किंवा त्याला हात घालायला उशीर झाला का? झाला असेल तर ताकीद. मुलाच्या मनात काय होतं ते शोधायच्या भानगडीत पंचाने पडूच नये.

ताकीद ही चीज आपल्याकडे फार ढिसाळपणे दिली जाते. ‘ए, सोड ना बॉल’, ‘बघ हं सात नंबर’, कधी नुसते डोळे वटारणे. याला ताकीद म्हणत नाहीत. फिबाचे जे अधिकृत अर्थनिर्णय आहेत त्यांत ताकिदीची रीत ठरवून दिलेली आहे: खेळाडूला सांगायचं, त्याच्या मुख्य प्रशिक्षकालाही कळवायचं, आणि ही ताकीद त्या संघातल्या प्रत्येकाला, तशाच कृतीसाठी, मॅच संपेपर्यंत लागू. बॉल डेड असताना, म्हणजे खेळ थांबलेला असताना, आणि घड्याळ थांबलेलं असतानाच ती द्यायची. शेवटचा भाग नव्या पंचांच्या लक्षात राहत नाही. पळत्या खेळात ओरडून दिलेली ताकीद कोच नाकारतो, आणि त्याचं बरोबर असतं.

प्रत्यक्षात असं करा. दुसऱ्या क्वार्टरमध्ये बॉल पहिल्यांदा उडाला. फार लांब गेला असेल तर शिटी मारून घड्याळ थांबवा, जवळच घरंगळला असेल तर खेळ चालू द्या आणि पुढच्या शिटीला ताकीद द्या. मुलाजवळ जा, पण अंगावर जाऊ नका. ‘सात नंबर, बास्केटनंतर बॉलला हात नाही. ही ताकीद आहे. आता तुमच्यातल्या कुणीही केलं तर टेक्निकल.’ तिथून त्यांच्या बेंचकडे: ‘सर, बॉल उडवल्याबद्दल तुमच्या संघाला ताकीद दिली आहे.’ मग सहपंचाला खूण, आणि टेबलवर सांगून एका कागदावर क्वार्टर, घड्याळातली वेळ आणि नंबर टिपून घ्यायला लावा. पंधरा-वीस सेकंदांचं काम. कोच कुरकुरतील, मुलं खांदे उडवतील, आणि दहापैकी आठ मॅचमध्ये पुन्हा कुणी बॉलला शिवणार नाही. सुंठीवाचून खोकला जातो तो इथे.

हे तुम्ही दुसऱ्या क्वार्टरमध्ये केलं असतंत तर शेवटच्या मिनिटातलं टेक्निकल सरांनी मुकाट्याने घेतलं असतं. किंवा, जास्त शक्यता हीच, की ते द्यायची वेळच आली नसती.

तुमच्या सीनियर पंचांच्या सल्ल्याबद्दल मला आदर राखूनच लिहायला हवं, कारण तो सल्ला आपल्या मैदानांवर पिढ्यान्‌पिढ्या दिला जातोय. त्यात अर्धं तथ्य आहे. मॅचभर काहीच झालं नाही आणि शेवटच्या मिनिटात कुणी पहिल्यांदाच बॉलला हात लावला, तर घड्याळ थांबलेलंच आहे, ताकीद द्या आणि पुढे चला. पण ताकीद देऊन झाल्यावर शेवटच्या मिनिटात शिटी गिळणारा पंच निर्णय टाळत नसतो. त्यानेही निर्णयच दिलेला असतो, फक्त तो पुढे असलेल्या संघाच्या बाजूने. शेवटच्या दोन मिनिटांत पंच गप्प बसतात हे कोचेसना पक्कं माहीत आहे, म्हणून तर मुलांना हे उद्योग नेमके तेव्हाच शिकवले जातात.

एका बाबतीत तर नियमानेच शेवटच्या दोन मिनिटांत पंचाला जास्त कडक केलेलं आहे. तेव्हा थ्रो-इनचा बॉल देण्याआधी पंचाने रेषा न ओलांडण्याची खूण करायची असते. ती खूण हीच ताकीद. त्यानंतर बचाव करणाऱ्याने रेषेपलीकडे हात घातला, की थेट टेक्निकल. रेषेबाहेर दोन मीटर मोकळी जागा नसेल तर बचाव करणाऱ्याने थ्रो-इन करणाऱ्यापासून एक मीटर लांब राहायचं. आपल्याकडे हे फार महत्त्वाचं आहे, कारण शालेय फायनलला पोरं रेषेला चिकटून मांडी घालून बसलेली असतात आणि थ्रो-इन करणाऱ्याला टाच ठेवायला जागा नसते. मॅचच्या आधी संयोजकांना सांगून त्यांना मागे सरकवा. मॅच सुरू झाल्यावर कुणी सरकत नाही.

टेक्निकलने मॅच घालवली, या वाक्याचाही जरा हिशेब करू. शिक्षा एक फ्री थ्रो. त्यानंतर खेळ जिथे थांबला होता तिथूनच सुरू, म्हणजे ज्यांचा थ्रो-इन होता त्यांचाच राहिला. तुम्ही त्यांना वाढीव बॉल दिला नाहीत. तुमच्या शिटीची किंमत जास्तीत जास्त एक पॉइंट. पुढचे तीन पॉइंट समोरच्या पोराने लांबून शॉट मारून कमावले, आणि एक्स्ट्रा टाइमची पाच मिनिटं दोघांना सारखीच मिळाली. सरांनी त्या पाच मिनिटांबद्दल काही बोलल्याचं तुमच्या पत्रात नाही. (टेक्निकल खेळाडूच्या पाच फाऊलमध्ये आणि संघाच्या फाऊलमध्येही धरलं जातं, आणि एकाच खेळाडूला दोन झाली की तो मॅचबाहेर. पहिलं देताना टेबलकडून याची नोंद बिनचूक करून घ्या.)

बॉल घेऊन फिरण्याबद्दल विचारलंत. हा प्रश्न या खेळाइतकाच नाही तरी बराच जुना आहे. २२ नोव्हेंबर १९५० रोजी फोर्ट वेन पिस्टन्सनी मिनियापोलिस लेकर्सना १९–१८ असं हरवलं. एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या इतिहासातली सगळ्यात कमी गुणांची मॅच ती. लेकर्सकडे जॉर्ज मायकन होता, त्या काळचा सगळ्यात मोठा खेळाडू. त्याच्यासमोर सरळ खेळून आपली डाळ शिजणार नाही हे ओळखून पिस्टन्सनी बॉल नुसता धरून ठेवला. लेकर्सच्या १८ पैकी १५ पॉइंट एकट्या मायकनचे. प्रेक्षक संतापले, पण पंच काय करणार? बॉल धरून ठेवणं नियमात बसत होतं. उपाय शेवटी नियम करणाऱ्यांनीच काढला. १९५४ मध्ये सिराक्यूज नॅशनल्सचे मालक डॅनी बियासोन यांनी साधा भागाकार मांडला: मॅचची ४८ मिनिटं म्हणजे २८८० सेकंद, चांगल्या रंगलेल्या मॅचमध्ये दोन्ही संघांचे मिळून साधारण १२० शॉट, म्हणजे एका शॉटला २४ सेकंद. फिबाकडे बरीच वर्षं ३० सेकंद होते, २००० साली तेही २४ वर आले.

यातून तुमच्या कामाचं एवढंच निघतं की शॉट क्लॉक असताना २३ व्या सेकंदाला शॉट मारणारा संघ वेळ काढत नसतो, स्वतःच्या वाट्याचा वेळ वापरत असतो. मागच्या अर्ध्यातून पुढे यायला आठ सेकंदांची मुभा असताना गार्डने सातव्या सेकंदापर्यंत बॉल टप्पे मारत रमतगमत आणला, तर तीही त्याची मर्जी. प्रेक्षकांतून कुणी ‘पंच, टाइमपास चाललाय’ असं ओरडलं म्हणून तुमचा हात शिटीकडे जायला नको. मागे पडलेल्या संघाचीही अशीच एक युक्ती असते. थ्रो-इनचा बॉल मैदानात घरंगळत सोडायचा आणि कुणीच हात लावायचा नाही, कारण मैदानातल्या खेळाडूचा हात लागेपर्यंत घड्याळ सुरू होत नाही. तेही नियमात बसतं. समोरच्यांना नको असेल तर त्यांनी धावून बॉल उचलावा.

मशीन नसेल तेव्हा? मॅच सुरू झाल्यावर हा प्रश्न सुटत नाही, स्पर्धेच्या आधी मॅनेजर्स मीटिंगमध्ये सोडवावा लागतो. टेबलवर एक माणूस स्टॉपवॉच घेऊन बसेल, ‘दहा’ असं मोठ्याने सांगेल आणि शेवटचे पाच सेकंद मोजेल. बॉल रिंगला लागून त्याच संघाकडे परत आला तर १४ पासून मोजेल. हे सगळ्या संघांसमोर ठरलं की मशीनवाचून अडत नाही. आवाज खणखणीत असलेला माणूस मात्र बघून घ्या. आणि हे ठरलेलं नसेल तर मधेच स्वतःच्या मनाने सेकंद मोजून शिटी मारू नका. तुमच्या हातात दोनच गोष्टी उरतात: मागच्या अर्ध्यातून पुढे यायचे आठ सेकंद, आणि बॉल हातात धरून उभ्या असलेल्या खेळाडूला बचाव करणारा एक मीटरच्या आत भिडलेला असेल तर पाच सेकंद. दोन्ही हात हलवून, सगळ्यांना दिसेल असं मोजा. बचाव करणारे आपल्या झोनमध्येच हात पसरून बसले असतील आणि समोरचा बॉल घेऊन उभा असेल, तर तो प्रश्न बचाव करणाऱ्यांच्या सरांचा आहे, तुमचा नाही.

पायात गोळा आलेला मुलगा. इथे तुम्ही नियम हातात असून वापरला नाहीत. जखमी खेळाडू साधारण १५ सेकंदांत खेळायला उभा राहू शकला नाही, किंवा त्याच्यावर उपचार झाले, किंवा बेंचवरचं कुणी आत आलं, की त्याला बदलायचं. सर स्प्रे घेऊन रेषेच्या आत आले त्याच क्षणी तो मुलगा बाहेर जायला हवा होता. एकच पळवाट आहे: दोघांपैकी एका संघाने त्याआधी टाइमआउट घेतला आणि तेवढ्यात मुलगा सावरला तर तो खेळू शकतो. म्हणजे श्वास घ्यायला वेळ हवा असेल तर जरूर घ्या, पण स्वतःच्या खात्यातून. ‘नाटक करतोय’ हे शब्द मात्र कधीही, कुणालाही, हळू आवाजातसुद्धा म्हणू नका. पंधरा-सोळा वर्षांचं पोर आहे, दुपारच्या उन्हात सिमेंटवर पळतंय, खरंच कळवळत असेल. काळजीपूर्वक विचारपूस करायची, सरांना आत बोलवायचं आणि मुलाला बाहेर बसवायचं. खरं दुखत असेल तर त्याचं भलं, खोटं असेल तर डाव वाया. काय खरं ते ठरवायची गरजच पडत नाही.

बदली खेळाडूंचंही तसंच. बदली मागायचा हक्क स्वतः त्या खेळाडूचा. कोचने बेंचवरून हाक मारून चालत नाही. त्याने टेबलपाशी जायचं आणि लगेच खेळायला तयार असायचं. ट्रॅकपँटची चेन अडकलेली, जर्सी अजून पिशवीत, असा मुलगा तयार नसतो. त्याला परत बसवा, पुढच्या संधीला येईल. हे एकदा केलंत की पुढची सगळी पोरं कपडे काढून ताठ बसतात. बदलीत अवाजवी उशीर होतोय असं वाटलं तर त्या संघाच्या नावावर टाइमआउट लावता येतो, आणि टाइमआउट शिल्लक नसतील तर प्रशिक्षकावर टेक्निकल. टाइमआउटनंतर रेंगाळणाऱ्या संघालाही हाच न्याय, फक्त आधी कोचला ताकीद. ५० सेकंदांचा इशारा वाजला की तुम्ही आणि सहपंच एकेका बेंचकडे चालायला लागा, निम्मं काम तेवढ्यानेच होतं.

नाड्यांबद्दल नियमात खास काही नाही, अक्कल वापरायची. बॉल डेड असताना एखाद्याची नाडी खरंच सुटली असेल तर बांधू द्या, तो पडला तर जास्त वेळ जाईल. तोच मुलगा दर फ्री थ्रोला वाकायला लागला तर कॅप्टनला बोलवा आणि एका वाक्यात सांगा. तेही थांबलं नाही तर ताकिदीचीच वाट. कॅप्टन उलट तावातावाने वाद घालायला लागला तर लक्षात ठेवा की तोही वेळच आहे. कॅप्टनने बॉल डेड आणि घड्याळ थांबलेलं असताना, सभ्यपणे, माहितीपुरतं विचारायचं असतं. तुम्ही एका वाक्यात उत्तर द्यायचं आणि वळायचं. तुम्ही तिथे उभे राहून नियम समजावत बसलात तर वेळ तुम्हीच काढताय.

पत्रात नसलेली एक गोष्ट लिहितो, कारण मला मैदानांवर ती सारखी दिसते. मुलं वेळ काढतात ती पुष्कळदा पंच ढिले असतात म्हणून. फाऊलची शिटी झाली, पंच टेबलला खूण करून सावकाश परत येतो, बॉल कुणाकडे आहे हे दोघांपैकी एकालाही माहीत नसतं, सहपंच कुणाशी तरी बोलतोय. त्या पोकळीत पोरं पाणी पितात, नाड्या बांधतात, घोळका करतात. त्याऐवजी शिटी झाल्याबरोबर एकाने टेबलकडे आणि दुसऱ्याने बॉलकडे जायचं हे आधीच ठरवून घ्या. बॉल घ्या, जागा दाखवा, थ्रो-इन करणाऱ्याच्या हाती द्या आणि मोजायला लागा: पाच सेकंद. फ्री थ्रोलाही पाचच. बास्केटनंतर बॉल हाताशी पडलाय आणि थ्रो-इन करणारा तो उचलायलाच तयार नाही, तरी मोजणी सुरू करा. एकदा तो बॉल समोरच्याला मिळाला की पुढच्या वेळी धावत येऊन उचलतील. पहिल्या क्वार्टरपासून हा वेग ठेवलात तर वेळकाढूपणाला फटच राहत नाही.

आणि मोबाइलवर एनबीए बघून आलेला एखादा कोच ‘डिले ऑफ गेमची पहिली वॉर्निंग मिळायलाच हवी’ म्हणून हटून बसला, तर तिथला नियम तिथे. तिथे ताकीद आणि मग टेक्निकल संघाच्या नावावर लागतं, आपल्याकडे ते खेळाडूच्या किंवा प्रशिक्षकाच्या नावावर जातं. क्रम मात्र दोन्हीकडे ताकिदीपासूनच सुरू होतो, तेव्हा इथे त्यांचं थोडंफार बरोबरच असेल.

पुढच्या महिन्याची मॅच घ्या. नको म्हणून कळवलंत तर त्या फायनलबद्दल लोकांनी जे ठरवलंय त्यावर तुम्हीच सही केल्यासारखं होईल, आणि जिल्ह्यात शाळा किती, पंच किती, कुणाकुणाला टाळणार? वॉर्म-अपच्या वेळी सरांना नमस्कार करा. फायनलचा विषय तुम्ही काढू नका. त्यांनी काढला तर घड्याळाबद्दलची ती दोन वाक्यं बोला, आणि ‘ताकीद मी आधीच द्यायला हवी होती’ हेही म्हणा, कारण ते खरं आहे. मग दोन्ही सर आणि दोन्ही कॅप्टन यांना एकत्र उभं करून सांगा की बास्केटनंतर बॉलला हात नाही, उपचार झाला की बदली, बदली खेळाडू तयार होऊन येईल. दोघांना एकदम, एकाच आवाजात. एकट्या त्या शाळेला सांगितलंत तर मॅच सुरू व्हायच्या आधीच पुन्हा भांडण.

सहपंच तेच सीनियर असतील तर ताकीद कोण देणार हे त्यांच्याशी आधी बोलून घ्या. ‘पहिली ताकीद मी देतो, तुम्ही फक्त मागे हटू नका’ एवढं मागितलंत तर ते नाही म्हणणार नाहीत. आणि संयोजकांकडून त्याच मापाचा, हवा तपासलेला एक जादा बॉल मागून टेबलखाली ठेवून घ्या. कबड्डीचं मैदान शेजारी असेपर्यंत लागणारच आहे.